डेंटल असिस्टंट व्हायचंय, ४५ हजारांचा कोर्स करू का? (सांगली)

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी तासगावची, वय २६, बारावी आर्ट्स झालंय, पुढं एफवायला होते तेव्हा लग्न झालं आणि ते तसंच राहिलं. आता आठ महिने झाले सांगलीत विश्रामबागला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, रोज एसटीनं येऊन जाऊन. तिथं खुर्चीजवळ असणाऱ्या ताई बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, मग मॅडम म्हणाल्या तूच ये आत, शिकवते. पहिल्याच दिवशी सक्शनची (तोंडातलं पाणी ओढून घ्यायची) नळी जरा जास्त आत गेली आणि पेशंटला असा ओकारीचा उमाळा आला की मी नळी सोडून मागं पळाले. मॅडम हसल्या, पेशंट नाही हसले.

तर आता आवडायला लागलंय काम. पण एका इन्स्टिट्यूटवाल्यांनी सांगितलं की सहा महिन्यांचा डिप्लोमा केल्याशिवाय असिस्टंट म्हणून काम करताच येत नाही, फी ४५ हजार, शंभर टक्के नोकरी, गव्हर्नमेंट रेकग्नाइज्ड वगैरे. घरी बाग आहे पण यंदा पावसानं वाट लावलीय, ४५ हजार म्हणजे अहोंना विचारायची पण हिंमत होत नाही. खरंच लागतो का हा कोर्स? आणि दुसरं म्हणजे माझी एक मैत्रीण दुसऱ्या क्लिनिकला आहे तिच्याकडून दात साफ करून घेतात, मशीननं, ती म्हणते पाच वर्षांत आपण अर्धे डॉक्टरच होतो. असं चालतं का?

भडंगप्रेमी:
शंभर टक्के नोकरीची गॅरंटी देणाऱ्याला एवढंच विचारा, "नोकरी नाही लागली तर फी परत देणार असं लेटरहेडवर लिहून देता का?" पुढचं तोंड बघायला मजा येते.

कंदीपेढा_सातारा:
मी डेंटिस्ट आहे, साताऱ्यात प्रॅक्टिस. ताई, थोडं नीट सांगतो कारण यात लोकांची फार फसवणूक होते.

आपल्याकडं १९४८ चा डेंटिस्ट्स ॲक्ट. त्यात डॉक्टर सोडून दोनच माणसांची व्याख्या आहे, एक डेंटल हायजिनिस्ट आणि दुसरा डेंटल मेकॅनिक. हायजिनिस्ट म्हणजे जो दात स्केल करतो (दातांवरचं कीटण काढतो), साफ करतो, पॉलिश करतो किंवा दातांच्या स्वच्छतेबद्दल शिकवतो. मेकॅनिक म्हणजे कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा. दोन्ही दोन-दोन वर्षांचे कोर्स, बारावी सायन्स लागतं, आणि पास झाल्यावर स्टेट डेंटल कौन्सिलकडं नाव नोंदवावं लागतं. असिस्टंट या शब्दाचं असं रजिस्टर त्या कायद्यात नाही. म्हणजे खुर्चीजवळ उभं राहून सक्शन धरणं, मटेरियल मिक्स करणं, हत्यारं निर्जंतुक करणं यासाठी तुमचं नाव कुठं नोंदलेलं असावंच लागतं असं काही नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली शिकून हजारो मुली हे काम करतायत. तो इन्स्टिट्यूटवाला खोटं बोलतोय. २०२३ ला नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा पास झालाय, १९४८ च्या जागी यायला, तेव्हा नियम बदललेत का ते बघावं लागेल, पण म्हणून आज कुणी घाबरवून पैसे काढत असेल तर बळी पडू नका.

तुमच्या मैत्रिणीचं मात्र काळजीचं आहे. स्केलिंग हे हायजिनिस्टचं काम, तेही नोंदणी असलेल्या. ती पाच वर्षं काय पंधरा वर्षं करत असली तरी उद्या कुणाच्या हिरडीला लागलं, रक्त थांबेना, पेशंट रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर होता, तर डॉक्टर म्हणणार मी सांगितलंच नव्हतं. इंजेक्शन, स्केलिंग, दात घासून कॅप बसवणं, टाके काढणं यातलं काही तुमच्याकडून करून घेत असतील तर सरळ नाही म्हणायचं.

कृष्णाकाठ_७७:
डॉक्टरसाहेब तुम्ही कायदा सांगताय पण जमिनीवर कोण विचारतं मान्यता बिन्यता. माझ्या भावजयीनं असाच एक सर्टिफिकेट कोर्स केला, कोल्हापूरला लागली, बरा पगार आहे. कागद असला की इंटरव्ह्यूला वजन पडतं की नाही?

कंदीपेढा_सातारा:
पडतं ना, मी कुठं नाही म्हणतोय. फक्त कागदावर सही कुणाची आहे ते बघा. कौशल्य विकासात हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा डेंटल असिस्टंट हा जॉब रोल आहे, त्याची परीक्षा होते, प्रमाणपत्र एनएसक्यूएफमध्ये (म्हणजे सरकारच्या कौशल्य पात्रता आराखड्यात) बसतं आणि ऑनलाइन तपासता येतं. दुसरं म्हणजे डेंटल कॉलेजं. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, आमच्या जिल्ह्यात कराडला कृष्णाचं. एक दिवस सुट्टी काढून ऑफिसात जा आणि विचारा असिस्टंटचा किंवा हायजिनिस्टचा कोर्स यंदा चालू आहे का, फी किती. हायजिनिस्टला मात्र तुमचं आर्ट्स आडवं येणार. आणि ज्या इन्स्टिट्यूटमध्ये एक पण खरी डेंटल खुर्ची नाही, नुसता प्रोजेक्टर आहे, तिथं एक रुपया देऊ नका. मुलाखतीला मुली येतात, डिप्लोमा फ्रेम करून आणतात, आणि आल्जिनेट (दातांचं माप घ्यायचं मटेरियल) म्हणजे काय विचारलं की माझ्याकडं बघत बसतात.

मिरजेची_गाडी:
मी बोलू का जरा? अकरा वर्षं झाली या लाइनला, मिरजेत. आठवी... म्हणजे माझं शिक्षण विचारू नका. कोर्स नाही केला, पण जे शिकले ते सांगते, तुम्हाला सहा महिने वाचतील.

सगळ्यात आधी लस. हेपॅटायटिस बी. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्यानं, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून टायटर चेक करून घ्यायचं, लस लागली का ते कळतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, दोन वर्षं तशीच काम करत होते, एक दिवस ट्रेमध्ये हात घातला आणि सुई बोटात. त्या वेळचे डॉक्टर म्हणाले काही होत नाही, धू आणि कामाला लाग. सुई लागली तर साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि लगेच सिव्हिलला जायचं, एचआयव्हीच्या गोळ्या लवकरात लवकर चालू करायच्या असतात, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत, आणि उशीर केला तेवढा उपयोग कमी. हे मला नंतर समजलं. नशीब माझं, काही झालं नाही. त्या दिवसापासून सुईचं झाकण दोन हातांनी लावत नाही, ट्रेवर झाकण ठेवायचं आणि एका हातानं सुई त्यात सरकवायची.

दुसरं ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन. हेच खरं आपलं काम, सक्शन कुणीही धरतं. आधी हत्यारं घासून किंवा अल्ट्रासोनिकमध्ये स्वच्छ, मग वाळवून पाऊचमध्ये, मग १२१ डिग्रीला १५ पौंड प्रेशरवर १५-२० मिनिटं, मोठ्या मशीनला १३४ ला तीन-चार मिनिटांत होतं. गच्च भरायचं नाही, वाफ फिरली पाहिजे. पाणी डिस्टिल्डच, नळाचं घातलं की आत पांढरं क्षार धरतं आणि मग मेकॅनिक येऊन डॉक्टरांना बिल देतो आणि डॉक्टर आपल्याला शिव्या देतात. मधी लाइट गेली तर सायकल पहिल्यापासून, "झालं असेल की" हा शब्दच नाही. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे गरम झालं एवढंच कळतं हां, जंतू मेले याची ती सही नव्हे.

कचरा पण पाठ करा, इन्स्पेक्शनला पहिलं तेच विचारतात. रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्यात, हातमोजे आणि सक्शन टिप लाल, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, भुलीची काचेची बाटली निळ्यात. चांदी भरलेला दात मात्र पिवळ्यात टाकून जाळायला पाठवू नका, त्या चांदीत पारा असतो, त्याचा धूर होतो, तो दात वेगळा ठेवायचा.

मिक्सिंगचं सांगते. जीआयसी (दातात भरायचं सिमेंट) कागदाच्या पॅडवर प्लास्टिकच्या स्पॅच्युलानंच, स्टीलनं केलं की काळपट पडतं. आल्जिनेटला पाणी गार. आपल्याकडं मे महिन्यात टाकीचं पाणी घेतलं तर ट्रे तोंडात जायच्या आधीच बाऊलमध्ये घट्ट होतं, मी बाटली फ्रिजमध्ये ठेवते, पण फार गार पण नको नाहीतर पेशंट ओकारी दाबत बसतो दहा मिनिटं.

आणि तुमच्या त्या नळीचं. डॉक्टर उजव्या हाताचे असतील तर आपण पेशंटच्या डाव्या बाजूला, स्टूल डॉक्टरांपेक्षा चार-सहा इंच उंच. सक्शन आधी जागेवर, मग एअरोटर (दात कोरायचं मशीन) आत येतो, उलटं करायचं नाही. टाळूच्या मागच्या मऊ भागाला टेकवायची नाही, जीभ आणि गाल बाजूला धरायचं. जमतं हो, पंधरा दिवसांत हात आपोआप जातो.

भडंगप्रेमी:
ताई एवढं तर तो ४५ हजारवाला पण शिकवत नसेल 🙏

द्राक्षबाग_तासगाव:
मिरजेच्या ताई, काय सांगू, दोनदा वाचलं. मॅडमना आज लसीचं विचारलं, त्या म्हणाल्या अगं माझ्याच लक्षात यायला पाहिजे होतं, पहिला डोस सोमवारी, पैसे दवाखाना देणार. इन्स्टिट्यूटवाल्याला फोन करून विचारलं सर्टिफिकेटवर कोणाची सही, तर म्हणाला आमच्या डायरेक्टर सरांची, आणि आजच ॲडमिशन घेतलं तर ३० हजारात करतो. ठेवला फोन.

अजून एक, लाज वाटते विचारायला. मॅडम म्हणतात थ्री सिक्सला घे, फोर सेव्हन लिही, मी प्रत्येक वेळी डावं-उजवं चुकते. आणि रूट कॅनॉलच्या त्या रंगीत सुया, त्या मागतात पंधरा, वीस, मी डबा उघडून बघत बसते.

कंदीपेढा_सातारा:
लाज कसली, बीडीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं पण चुकतात. डावं-उजवं कायम पेशंटचं धरायचं, आपलं नाही. वरचं उजवं १, वरचं डावं २, खालचं डावं ३, खालचं उजवं ४. मग मधल्या दातापासून मागं मोजत जायचं एक ते आठ. थ्री सिक्स म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, तीच सगळ्यात जास्त किडते म्हणून रोज ऐकताय. लहान पोरांच्या दुधाच्या दातांना ५ ते ८ नंबर.

मिरजेची_गाडी:
आणि फायलींचं, म्हणजे त्या रंगीत सुयांचं, गाणं माझं स्वतःचं आहे, हसू नका. "पांडू पिऊन लाजला, निघाला हिंडत काकांकडे." पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०, हिरवी ३५, काळी ४०. सहा मुलींना शिकवलंय हे, अजून कुणी विसरली नाही.

कृष्णाकाठ_७७:
😂😂 पांडू कोण?

मिरजेची_गाडी:
आधीच्या दवाखान्याचे कंपाउंडर. नाव बदललंय.

आखातात_सातारकर:
उशिरा लिहितोय. ज्यांना पुढं बाहेर जायचंय त्यांच्यासाठी, तिकडं मात्र हातचं काम पुरत नाही. युकेमध्ये डेंटल नर्सला जनरल डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. अमेरिकेत राज्याराज्यात नियम वेगळे, पण डॅनबी (डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्ड) म्हणून बोर्ड आहे त्यांची सीडीए, म्हणजे सर्टिफाइड डेंटल असिस्टंटची परीक्षा, तीन भागांची, एक्स-रे, इन्फेक्शन कंट्रोल आणि खुर्चीजवळचं काम. ताई आत्तापासून तासांची वही ठेवा, रोज काय केलं, कोणत्या केसला उभी होते, आणि मॅडमची सही. कुठं पण अनुभवाचं पत्र मागतात तेव्हा "आठ महिने असिस्टंट" एवढ्या एका ओळीनं काही होत नाही.

द्राक्षबाग_तासगाव:
वही घेतली काल, एसटी स्टँडसमोरून, दोनशे पानी. मॅडमनी पहिल्या पानावर सही पण केली. आज रूट कॅनॉल होतं, मागायच्या आधी तीस नंबर हातात दिली. मॅडमनी विचारलं कसं काय लक्षात राहिलं, मी खरं ते सांगितलं, तर दुपारपासून त्या पण म्हणतायत "काकांकडे दे गं".

एकच राहिलं. काळीच्या पुढं ४५ ला परत पांढरीच ना?

मिरजेची_गाडी:
हो, पांडू परत येतो.