मदत हवी आहे: न थांबणारा जोर आणि न हलणारी वस्तू, नववीतल्या मुलीला काय सांगू?

मंडळी, कशानेच थांबणार नाही असा जोर, कशानेच हलणार नाही अशा वस्तूवर येऊन आदळला तर काय होईल? मला याचं नीट उत्तर हवं आहे.

विचारणारी माझी पुतणी. बेळगावात मराठी माध्यमात नववीला आहे. बल आणि गतीचे नियम शिकवून झालेत आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती हाच विषय घेऊन उभी राहणार आहे. वर्गात विचारलं तेव्हा "असं काही नसतंच" एवढंच सांगून तिला खाली बसवलं. नसेलही. पण का नसतं ते सांगितल्याशिवाय ते उत्तर होत नाही. पोरीने इतकं नेमकं विचारावं आणि आपण तिला गप्प करावं, हे मला अजिबात पटत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकच्या कामात आहे, त्यामुळे माझं डोकं तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसवरूनच चालतं. कुठवर आलोय ते लिहितो.

१०० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर २०० बार दाबावर साधारण १६ टन जोर देतो. कामाला नवीन लागलेल्या पोरांना वाटतं, हे १६ टन पंपात भरून ठेवलेले असतात. तसं नसतं. पंप फक्त तेल ढकलतो. रॅम, म्हणजे सिलिंडरमधून बाहेर येणारा दांडा, मोकळा खाली येत असतो तेव्हा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जेमतेम हलतो. रॅम जॉबला, म्हणजे दाबायच्या वस्तूला, टेकला आणि जॉबने दाद दिली नाही, की मग काटा चढायला लागतो. दाब येतो तो अडथळ्यामुळे. समोरची वस्तू हललीच नाही तर काटा चढत चढत रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) जिथे सेट केलाय तिथे पोचतो, व्हॉल्व्ह उघडतो, तेल टाकीत परत जातं आणि रॅम जागच्या जागी उभा राहतो. व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर होज (तेलाची नळी) फुटतो, मोटर ट्रिप होते, नाहीतर फ्रेम वाकते. कुणीतरी माघार घेतंच.

यावरून मला असं वाटतं की जोर ही एकट्याची गोष्टच नाही. न्यूटनने १६८७ साली तिसरा नियम मांडला तोही हेच सांगतो: मी वस्तूला जेवढं ढकलतो तेवढीच ती मला ढकलते. मग ज्याला काहीच अडवू शकत नाही त्याने जोर लावायचा तरी कशावर?

न हलणाऱ्या वस्तूचंही तसंच. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. वस्तुमान कितीही मोठं घ्या, दुसरं काही धरून ठेवत नसेल तर एका न्यूटननेही थोडं का होईना त्वरण मिळणारच. ते शून्य व्हायचं तर वस्तुमान अनंत हवं. प्रेसचा बेड, म्हणजे खालचा बैठा भाग, हलत नाही असं आपण म्हणतो, पण बारीक हालचाल मोजणारा डायल लावून बघा, लोडखाली तो किंचित वाकतो, आणि वाकतो म्हणूनच उलटा रेटा देऊ शकतो.

आता मदत इथे हवी आहे. हा प्रश्न भौतिकशास्त्रात मोडतो की त्याच्या आधी तर्कातच मोडतो? आणि प्रदर्शनाच्या टेबलावर, फार खर्च न करता, तिने काय दाखवावं?

प्रतिसाद, खानापूर

तर्कातच मोडतो. कशानेच न थांबणारा जोर जगात आहे असं एकदा मानलं की न हलणारी वस्तू त्या जगात असूच शकत नाही, आणि उलटही तेच. दोन्ही आहेत असं म्हणणं म्हणजे एकाच दमात हो आणि नाही म्हणणं. त्यामुळे "काय होईल" हा पुढचा प्रश्न उरत नाही.

हा पेच जुना आहे, पोरीला तेही सांगा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात चीनच्या हान फेईने भाले आणि ढाली विकणाऱ्याची गोष्ट लिहिली. माझा भाला काहीही भेदतो, माझी ढाल कशानेच भेदत नाही, असं तो ओरडत होता. तुझाच भाला तुझ्या ढालीवर मारला तर, असं कुणीतरी विचारलं आणि त्याला उत्तर देता येईना. ग्रीकांकडे कधीच न सापडणारा कोल्हा आणि शिकार कधीच न सोडणारा कुत्रा आहे. झ्यूसने शेवटी दोघांना दगड करून टाकलं.

आपल्याकडे कीर्तनात राम-मारुती युद्धाची कथा सांगतात, पलीकडे कानडी नाटकांतही ती आहे. वाल्मीकी रामायणात नाही. रामाने ऋषींच्या शब्दावरून एका राजाला मारायची प्रतिज्ञा केलेली, मारुतीने त्याच राजाला अभय दिलेलं. रामबाण चुकत नाही आणि रामनाम घेणाऱ्याला मरण नाही. शेवटी त्या ऋषींनाच मध्ये पडून आपला शब्द मागे घ्यावा लागतो. कोल्ह्या-कुत्र्याच्या गोष्टीतही बाहेरच्यालाच यावं लागलं, कारण आत उत्तरच नाही.

प्रतिसाद, मूळचा निपाणीचा, आता पुण्यात

दादा, पंपाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, एक दुरुस्ती करतो. मोकळ्या वस्तूलाही वेग द्यायला बल लागतंच, तिचं जडत्व हाही अडथळाच. त्यामुळे "जोर लावायचा कशावर" हा आक्षेप पुरा पडत नाही. बल अनंत आणि वस्तुमानही अनंत घेतलं तर त्वरण अनंत भागिले अनंत येतं, त्याला ठराविक उत्तर नाही. गणित तिथे हात टेकतं.

पण "न हलणारी" म्हणजे कुणाच्या नजरेने? बेळगावातला दगड पृथ्वीच्या आसाभोवती ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने फिरतोय. तेव्हा न हलणारी म्हणजे जिचा वेग बदलता येत नाही अशी वस्तू, एवढंच म्हणता येतं. जोराऐवजी न थांबणारी वस्तू घेतली तर तिचाही वेग बदलता येत नाही. म्हणजे दोन्ही एकाच जातीच्या! त्या समोरासमोर आल्या आणि दोघींचाही वेग बदलायचा नसेल तर एकच वाट उरते: एकमेकींतून आरपार जाणं. न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पृथ्वीतून जवळजवळ असेच जातात, सूर्याकडून आलेले अब्जावधी दर सेकंदाला आपल्या अंगातूनही.

धागाकर्ता

आरपार जाण्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण मग एकीने दुसरीवर बलच लावलं नाही, म्हणजे टक्कर झालीच नाही. प्रश्नातली "आदळला" ही अट सुटली, तेव्हा हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं झालं, असं मी तिला सांगणार. चालेल ना?

प्रतिसाद, मूळचा निपाणीचा, आता पुण्यात

अगदी चालेल. कुठली अट सोडली की कुठलं उत्तर मिळतं, असाच तक्ता करायला लावा.

प्रतिसाद, चिकोडी

शाळेत विज्ञान शिकवते. टेबलावर दोन इंजेक्शनच्या सिरिंज ठेवा, सुया नकोत. दोन्हींत पाणी भरून सलाईनच्या नळीने जोडा, आत हवा राहू देऊ नका. एक दांडा दाबला की दुसरा सहज सरकतो, बोटाला फारसं काही जाणवत नाही. दुसरा दांडा मैत्रिणीला घट्ट धरायला सांगा, मग पहिल्या बोटाला रेटा लागतो. मध्ये टी-जोड घालून तिसरी सिरिंज लावलीत तर दुसरा धरून ठेवल्यावर पाणी तिसरीत जाईल, तुमच्या रिलीफ व्हॉल्व्हसारखं. तिसरीचा दांडा मात्र थोडा घट्ट हवा, नाहीतर पाणी आधी तिकडेच पळेल. रबर बँड बांधून बघा.