टोकन बरोबर असूनही विनंती अडकते : एक्सप्रेसमधील मिडलवेअर

तापीकाठ (रावेर):
नमस्कार. आमच्या भागातील केळी खरेदीच्या नोंदींसाठी मी एक्सप्रेस 4 वर (नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर चालणारी वेब ॲपची चौकट) लहानसे वेब ॲप करीत आहे. कापणीनंतर घडांचे वजन आणि क्विंटलमागचा भाव मोबाइलवरून जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) स्वरूपात येतो, आणि नोंद होण्याआधी टोकन (वापरकर्त्याची ओळख पटवणारी खूण) तपासणारे मिडलवेअर, म्हणजे विनंती आणि अंतिम उत्तर यांच्या मधले फंक्शन, चालते. टोकन चुकीचे असेल तर 401 (ओळख पटली नाही) हे उत्तर लगेच परत जाते. बरोबर असेल तेव्हा मात्र ब्राउझरचे चक्र फिरतच राहते आणि टर्मिनलवर एकही त्रुटी दिसत नाही. चुकीच्याला उत्तर आणि खऱ्याला ताटकळत ठेवणे, हा उलटा न्याय कशामुळे?

धुळेकर:
दादा, टोकन पटल्यावर नेक्स्ट() लिहायचे राहिले असावे. मिडलवेअरने एकतर उत्तर पाठवावे, नाहीतर नेक्स्ट() म्हणून विनंती पुढे सोडावी. दोन्ही केले नाही तर ती तिथेच उभी राहते, आणि काही मोडलेले नसल्यामुळे त्रुटीही येत नाही. 401 पाठवणाऱ्या ओळीआधी रिटर्न लिहा, नाहीतर तीही विनंती खालच्या नेक्स्ट() पर्यंत पोचेल आणि हेडर (उत्तराची सुरुवातीची माहिती) आधीच पाठवल्याची तक्रार सुरू होईल.

तापीकाठ:
नेक्स्ट() खरोखरच राहिले होते. आता विनंती पुढे जाते, पण वजन वाचताना रिक्वेस्टची बॉडी (विनंतीसोबत आलेला डेटा) अनडिफाइन्ड, म्हणजे मूल्यच नसलेली, निघते.

अमळनेरचा:
बॉडीतले जेसन उलगडणारे एक्सप्रेस.जेसन() राउटच्या (ठरावीक पत्त्यावरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या भागाच्या) खाली लिहिले आहे का ते पाहा. मिडलवेअर ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने चालते, त्यामुळे बॉडी उलगडण्याआधीच तुमचा राउट ती मागतो. हे फंक्शन 4.16 पासून एक्सप्रेसमध्येच आहे, वेगळे पॅकेज नको. टोकनची तपासणी मात्र सगळ्या ॲपवर लादू नका. आजचा भाव कोणालाही दिसावा, म्हणून ती फक्त नोंदींच्या राउटरवर (नोंदींच्या राउटच्या गटावर) ठेवा.

आणखी एक, कारण इथे मी स्वतः एक अख्खी रात्र घालवली आहे. टोकन डेटाबेसमधून अवेट करून (उत्तराची वाट पाहून) तपासत असाल, तर तिथे फसलेले प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी) एक्सप्रेस 4 पकडत नाही, आणि नोड 15 पासून अशा न पकडलेल्या प्रॉमिसमुळे सर्व्हरच बंद पडतो. ट्राय-कॅच (त्रुटी पकडणारी रचना) लावून त्रुटी नेक्स्ट(एरर) ने पुढे द्या. एक्सप्रेस 5 हे आपोआप करते. त्रुटी हाताळणारे मिडलवेअर सर्वांत शेवटी असावे व त्याला चारही पॅरामीटर द्यावेत, शेवटचा वापरला नाही तरी, कारण एक्सप्रेस ते संख्येवरूनच ओळखते.

तापीकाठ:
एक्सप्रेस.जेसन() खालीच होते. वर घेतल्यावर अडीच क्विंटलची चाचणी नोंद झाली. ट्राय-कॅच आज रात्री लावतो.