मदत हवी आहे : जुन्या पाइपच्या पॉलिटनेलवर पाणी साचतंय

नमस्कार मंडळी, मुळशीत घरामागे मिरची-वांग्याच्या रोपांसाठी भंगारातून पॉलिटनेल (कमानींवर प्लास्टिकचा कागद ताणलेला बोगदा) केलाय, 20 फूट लांब, 8 फूट रुंद. कमानी विहिरीवरच्या जुन्या 32 एमएम काळ्या एचडीपीई पाइपच्या, जमिनीत ठोकलेल्या सळयांवर बसवल्यात, दोन कमानींत 5 फूट अंतर. कागद फुलांच्या पॉलिहाऊसवरून उतरवलेला 200 मायक्रॉन जाडीचा यूव्हीवाला (उन्हाने लवकर न विरणारा), अजून चांगला दणकट आहे, कडा चरात गाडल्यात.

अडचण अशी की जोराचा पाऊस झाला की दोन कमानींच्या मध्ये कागदाला पोट सुटतं, पाणी साचतं आणि त्या वजनाने पाइपही वाकतात. भर उन्हात कागद सैल असताना पुन्हा ताणून बघितला, माथ्यावरून नायलॉन दोरी पण ओढली, पण दोरीच लोंबते. नुसती शेडनेट नको, थेंबांच्या माराने रोपं झोपतात. तिथे लाईट नाही त्यामुळे वेल्डिंग जमणार नाही, बांबू मात्र घरचाच आहे हवा तेवढा.

तर माथ्याला एक आणि दोन्ही खांद्यांना एकेक आडवा बांबू बांधला तर भागेल, का मधे अजून कमानी घालून अंतर अडीच फुटांवर आणावंच लागेल? आणि बांबूवर कागद घासून फाटू नये म्हणून काय गुंडाळता?