मदत हवी आहे: लेकीला पाळीबद्दल कसं सांगू?

सलाम, नमस्कार. मी सोलापूरची, विजापूर वेशीजवळ राहते. रमजानमध्ये सहरीला (रोज्याआधी पहाटेच्या जेवणाला) 10 वर्षांच्या लेकीनं विचारलं, "अम्मी, बाजी (ताई) आज रोजा का नाही धरत?" मी "पोट दुखतंय" म्हणून टाळलं. ते अजून मनाला लागलंय. माझ्या अम्मीनंही नुसता कपडा हातात ठेवला होता, शब्द एक नाही.

पाळीत नमाज माफ, सुटलेले रोजे नंतर धरायचे, पाळी संपली की गुस्ल, म्हणजे पाक होण्यासाठीची अंघोळ. हे मला सांगता येईल. पण बीजकोश, गर्भाशयाचं अस्तर हे सोप्या भाषेत कसं मांडू? 13 वर्षांच्या मुलाशी झोपेत वीर्य येऊन कपडे ओले होण्याबद्दल कोण बोलणार? त्याचे अब्बू लाजतात. तुम्ही घरी सुरुवात कशी केलीत? पहिलं वाक्य काय होतं, तेवढं तरी सांगा.