व्हर्मिक्युलाइट पुरत नाही, मणी स्क्रीनसमोर धरून बघा

काचेचा गरम मणी व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या हलक्या दाण्यांत) खुपसला की तो भट्टीत ठेवून निववायची गरज नाही, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. त्याने मणी हळू निवतो, लगेच तडकत नाही, एवढंच. आतला ताण बराचसा तसाच राहतो. इटलीतल्या मुरानोच्या १०४ सीओईच्या (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरते त्याचा आकडा) काचेच्या कांड्यांचे मणी भट्टीत साधारण ५१०-५२० अंश सेल्सिअसला थांबवून मग सावकाश खाली आणावेच लागतात.

ताण उरलाय का, हे घरीच दिसतं. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल समोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा आणि मधे मणी धरा. मणी पारदर्शकच हवा. वागळे इस्टेटच्या आमच्या गाळ्यात नवा रंग आला की आम्ही हेच करतो. भट्टीत न गेलेल्या निळ्या मण्याच्या भोकाभोवती उजेडाचं कडं स्पष्ट दिसतं, नीट अ‍ॅनील झालेला, म्हणजे भट्टीत असा सावकाश निववलेला, जवळजवळ काळाच राहतो. आणि हो, भट्टीतून काढल्यावरही दोन रंगांच्या सांध्यावर उजळ रेघ दिसली, तर त्या दोन काचांचं प्रसरण जुळत नाही. अशी जोडी सोडूनच द्या, कितीही वेळ भट्टीत ठेवली तरी तो ताण जात नाही.