कोरस आला तरी गाणं उसळत नाहीये, कॉर्डमध्ये चुकतंय की बीटमध्ये?

सिडकोवाला

नमस्कार मंडळी, ताईची हळद आहे पुढच्या महिन्यात, मखमलाबादला एका लॉन्सवर, आणि मी ठरवलंय की तिच्यासाठी स्वतःचं एक डान्स गाणं करायचं, डीजेच्या पेनड्राइव्हमधली तीच ती दहा गाणी नकोत. घरी लॅपटॉप, दोन ऑक्टेव्हचा छोटा मिडी कीबोर्ड आणि एक माइक एवढंच सामान आहे. मावसबहीण गाते, मोकळा आवाज आहे तिचा. टेम्पो १२४ (मिनिटाला तेवढे बीट), चारही बीटला किक (खालचा धम्म ठोका), कॉर्ड ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी एक बार (म्हणजे चार बीट), आणि तेच चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाशिकची हळद म्हणजे नाशिक ढोल पाहिजेच, म्हणून पथकातल्या मित्राला कानात इअरफोन घालून क्लिकवर (टेम्पोच्या टिकटिकीवर) वाजवायला लावलं आणि मैदानात रेकॉर्ड केलं.

आता अडचण. व्हर्स, म्हणजे कडवं, मस्त वाटतो. कोरस, म्हणजे धृपद, आला की सिंथ, टाळ्या, ढोल सगळं एकदम चालू होतं पण उसळीच येत नाही. आई पोळ्या लाटत होती तेव्हा ऐकवलं, व्हर्सला तिची मान हलत होती, कोरसला थांबली. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. कोरसची ओळ आहे "आज थांबायचं नाही", आणि "ही" वर सगळ्यात वरचा सूर आहे, तार सा. इंट्रो ३२ बारचा. काय बदलू सांगा, मनापासून करायचंय हे.

पेटीवाला पंचवटी

आईची मान नेमकी कुठे थांबली हे तू बघितलंस ते फार बरं केलंस, कारण दुखणं तिथेच आहे. सी हा तुझा सा, म्हणजे गाण्याचं घर. १२४ ला चार बार म्हणजे पावणेआठ सेकंद, म्हणजे दर पावणेआठ सेकंदांनी तू घरी जाऊन येतोयस, अगदी व्हर्सपासून. मग कोरसला घरी आल्याचा आनंद राहतोच कुठे.

प्री-कोरसमधून, म्हणजे कोरसच्या लगेच आधीच्या भागातून, सी पूर्ण काढ. आठ बार फक्त एफ आणि जी, दोन-दोन बार धरून, आणि शेवट जी वर. जी मध्ये शुद्ध नी आहे आणि नी ला सा मिळेपर्यंत चैन नसते, हे पेटी शिकणाऱ्या लहान पोरालाही कानाने कळतं. तो सा कोरसच्या पहिल्या बीटलाच दे, त्याआधी नाही. आणि कोरसचा क्रम बदल: सी, मग जी पण बेसला बी, मग ए मायनर, मग एफ. बेस सा, नी, ध, म असा खाली उतरतो आणि बहीण वर चढते, दोघं एकमेकांपासून लांब जातात आणि मध्ये मोकळी जागा होते. ती जागा म्हणजेच तुझी उसळी, माझ्या मते तरी.

एक करून बघ आत्ता. उजव्या हाताने ग दाबून धर, म्हणजे पांढरी तीन, सोडू नको. डाव्या हाताने आधी सी वाजव, मग ए मायनर, मग एफ. सूर तोच आहे पण सी वर हसरा वाटेल, ए मायनरवर हळवा, एफ वर अधांतरी, कारण म पासून मोजलं तर ग सातवा येतो. मी हे पहिल्यांदा वाजवून बघितलं तेव्हा तासभर पेटीवरून उठलो नव्हतो. कोरसच्या चालीत एखादा सूर असा धरून ठेव आणि खालून कॉर्ड बदलू दे, ऐकणाऱ्याला कळत नाही पण जाणवतं. दर बीटला नवीन सूर द्यायची गरज नसते.

टिपरू

पेटीवाले काका, मान ठेवून सांगतो, मला नाही वाटत कॉर्ड बदलायलाच पाहिजेत. याच चार कॉर्डवर लॉन्सच्या लॉन्स नाचताना बघितलीत मी, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. भावा तुझा घोळ असा आहे की कोरसच्या आधी तू काहीच काढून घेत नाहीस त्यामुळे कोरसला द्यायला काही उरतच नाही. प्री-कोरसच्या शेवटच्या दोन बारला किक आणि बेस बंद कर, फक्त टाळ्या आणि आवाज ठेव, शेवटच्या बीटला तर सगळंच बंद, अर्धा सेकंद पूर्ण शांतता, आणि मग टाक. त्या अर्ध्या सेकंदात माणसाचा पाय हवेत असतो.

दुसरं म्हणजे ढोल. किकपण खालचा आणि ढोलपण खालचा, दोघं एकाच जागेसाठी भांडतात आणि लॉन्सवरच्या मोठ्या स्पीकरवर नुसता गडगडाट ऐकू येणार. कोरसमध्ये ढोलाचं १२० हर्ट्झच्या खालचं काप, टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा, कडक आवाज आणि ताशाची तर्री (भरभर वाजणारी झड) ठेव, वजन किकला घेऊ दे. आणि बाकी सिंथ किकवर सरळ साइडचेन कर म्हणजे प्रत्येक किकला ते जरासे दबतील आणि गाणं श्वास घेतंय असं वाटेल. उलट मध्ये आठ बार असे दे की किक नाहीच, फक्त ढोल, पूर्ण वजनाने, काही न कापता. हळदीत लोक नाचणार ते त्या आठ बारला, लिहून घे.

इंट्रो ३२ बार म्हणजे जवळपास ६२ सेकंद. तेवढ्यात लोक परत जेवणाच्या रांगेत जातील. आठ कर.

रियाजवाली

कॉर्ड आणि ढोल यावर दोघांनी सांगितलंच आहे, मी फक्त गळ्याचं सांगते कारण मला वाटतं निम्मा प्रॉब्लेम तिथे आहे. "नाही" मधली "ही" तार सा वर लांबवायला लावताय तुम्ही बहिणीला. ई वर तोंड आडवं होतं, आवाज बारीक होतो आणि गळा आवळतो, किती का चांगली गात असेना. सगळ्यात वरच्या सुरावर आ येईल अशी ओळ करा. "थांबू नको ना" केलं तर "ना" वर तोंड आपोआप उघडतं. अर्थ तोच राहतो आणि शेवटी ना आला की ते जरा लाडाचंही वाटतं, हळदीला बरंच आहे ते.

आणि पट्टी, म्हणजे सा कुठला धरायचा ते. पांढरी एकमध्ये, म्हणजे आत्ताच्या सी मध्ये, तिचा तार सा आरामात लागत असणार, आराम आहे म्हणूनच जोर येत नाहीये. पांढरी दोन (डी) करून बघा, मग काळी दोन. तिला बसून नाही, उभं राहून हात हलवत गायला सांगा, आणि जिथे आवाज चमकतो पण ओरडल्यासारखा वाटत नाही तिथे थांबा. आधी पट्टी ठरवा आणि मगच बाकी मिक्सिंग करा, नाहीतर सगळं दोनदा करावं लागेल. आमच्या एका रेकॉर्डिंगला हेच झालं होतं, चार रात्री गेल्या.

सिडकोवाला

तिघांचे खूप आभार. दोन दिवस बसलो. काळी दोनला ती ओढून गात होती, पांढरी दोनला आवाज एकदम खुलला. ओळ "थांबू नको ना" केली. काका, प्री-कोरसमधून घर काढलं (म्हणजे आता नवीन पट्टीत जी आणि ए वर थांबतोय), आणि टिपरू भाऊ, शेवटच्या बीटची शांतता पण ठेवली, दोन्ही एकत्र बसतंय, भांडण नाहीये त्यांच्यात. बेस उतरताना आणि ती चढताना जे होतं ना, रात्री एक वाजता हेडफोन घालून एकटाच उभा राहिलो होतो खोलीत.

एकच राहिलंय. ढोल किंचित मागे पडल्यासारखा वाटतो. मित्र तर क्लिकवर अगदी पक्का वाजवत होता. क्वांटाइझ करून (सॉफ्टवेअरने प्रत्येक ठोका बीटच्या चौकटीत बसवून) बघितलं तर बरोबर बसतो पण मजाच जाते, मशीन वाटतं.

टिपरू

क्वांटाइझ काढून टाक लगेच, ताशाचा हात असा चौकटीत बसवायचा नसतो. माइक किती लांब होता?

सिडकोवाला

फार आवाज येत होता म्हणून लांब ठेवला होता, पाच-सहा मीटर असेल.

टिपरू

मग झालं की. आवाजाला एक मीटर यायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुझा ढोल १५ ते १८ मिलिसेकंद उशिरा पोचलाय. मित्र बरोबर आहे. पूर्ण ढोलाचा ट्रॅक तेवढा डावीकडे सरकव, आतलं एकही ठोक हलवू नको, आणि मग डोळे मिटून ऐक, स्क्रीनकडे बघू नको.