बाबांचं फ्रिक्वेंट फ्लायर अकाउंट घरात सगळेच वापरत होतो, आता लॉक झालंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबांचं एका एअरलाइनचं फ्रिक्वेंट फ्लायर अकाउंट आहे (विमानप्रवास केला की त्यात 'माइल्स' म्हणजे पॉइंट साठतात आणि त्यावर तिकीट काढता येतं), खूप जुनं, त्यांच्या नोकरीतल्या फिरतीच्या दिवसांपासूनचं. रिटायर झाल्यावर त्यांनी लॉगिन आणि पासवर्ड मला आणि दादाला देऊन टाकला, म्हणाले तुम्हीच बघा आता, मला ते अ‍ॅप कळत नाही. तेव्हापासून घरातलं कोणीही कुठेही निघालं की तिकीट बुक करताना आम्ही सगळ्यांच्या नावापुढे बाबांचाच मेंबरशिप नंबर टाकायचो. आमचा समज असा की घरातल्या सगळ्यांचे माइल्स एकाच ठिकाणी साठतील, मग एकदम मोठं काहीतरी घेता येईल.

आता कळलं की तसं काही झालंच नाहीये. दादा, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी मध्यंतरी जाऊन आले, तिघांचे जाता-येता धरून सहा बोर्डिंग पास, त्यातला एकही प्रवास खात्यात दिसत नाही. माझे दोन प्रवास, तेही नाहीत. फक्त बाबा स्वतः जेव्हा गेले तेवढेच जमा झालेत. म्हणजे एवढी वर्षं आमचे माइल्स गेले कुठे? कोणाच्याच खात्यात नाहीत?

खरा घोळ गेल्या आठवड्यात झाला. आईसाठी माइल्सवर बिझनेस क्लासचं तिकीट काढायचं होतं. दादा परदेशातून लॉगिन करत होता, मी इकडून, आणि ओटीपी बाबांच्या फोनवर. त्यांच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ते चष्मा शोधून फोनवर एकेक आकडा वाचून दाखवत होते, आणि तेवढ्यात दादानेही परत लॉगिन दाबल्यामुळे नवीन ओटीपी आला, म्हणजे आधीचा गेला, ते जुनाच वाचत राहिले, असं तीनदा झालं आणि अकाउंट लॉक. मेसेज आला की खात्याची तपासणी सुरू आहे. दुसऱ्या दिवशी बाबांनी फोन केला तर विचारलं, हे अकाउंट आणखी कोण वापरतं. बाबांनी सरळ सांगितलं, माझी मुलं वापरतात. आता मला भीती वाटतेय की नियम मोडला म्हणून सगळे माइल्स काढून घेतील.

हे माइल्स माझ्यासाठी नुसते आकडे नाहीत म्हणून एवढं लिहितेय. बाबा वर्षानुवर्षं एकटे फिरले कामासाठी आणि आई घर सांभाळत राहिली. आता तिची पाठ फार दुखते, लांबच्या प्रवासात बसवत नाही, आणि बाबांची एकच इच्छा आहे की या माइल्सवर तिला एकदा झोपून जाता यावं. त्यातले काही माइल्स चार महिन्यांत एक्स्पायर होतायत. अकाउंट सोडवायला काय करावं, आमचे गेलेले माइल्स मिळतील का आणि पुढे सगळ्यांचे एकत्र कसे ठेवायचे, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी तो गैरसमज काढू. मेंबरशिप नंबर हा माणसाचा असतो, घराचा नाही. जो सीटवर बसला त्याचेच माइल्स, आणि तेही तिकिटावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं तरच. तुमच्या तिकिटावर बाबांचा नंबर घातला की सिस्टीमला नाव जुळत नाही आणि ते क्रेडिट तिथेच नाकारलं जातं. बाबांचे पैसे तुम्ही भरले किंवा तुमचे बाबांनी भरले, त्याने काही फरक पडत नाही.

पण सगळं गेलं असं धरू नका. प्रत्येकाने आजच्या आज स्वतःचं अकाउंट उघडा, फुकट असतं. मग वेबसाइटवर 'मिसिंग माइल्स' किंवा 'रेट्रो क्लेम' असा फॉर्म असतो तो भरा. त्याला मुदत असते, बऱ्याच ठिकाणी प्रवासानंतर सहा महिने वगैरे, आणि अकाउंट प्रवासानंतर उघडलं असेल तर काही एअरलाइन थोड्याच दिवसांपर्यंतचे मागचे प्रवास धरतात, काही अजिबात धरत नाहीत. त्यामुळे दिवस घालवू नका. बोर्डिंग पास आणि तिकिटाचा १३ आकडी नंबर लागेल. बोर्डिंग पासची शाई उडते बरं का, थर्मल कागद असतो, माझे ड्रॉवरमध्ये ठेवलेले पार कोरे झाले होते. पण १३ आकडी नंबर ईमेलवर आलेल्या ई-तिकिटावर असतोच, तो शोधा. आणि अगदी स्वस्तातलं तिकीट असेल तर त्या फेअरवर माइल्स मुळातच नसू शकतात, तेही बघून घ्या म्हणजे उगाच वाट बघणं नको.

प्रतिसाद

लॉकबद्दल लिहितो. आता तुम्ही किंवा दादाने लॉगिन करायचा प्रयत्न पूर्ण थांबवा, 'एकदाच बघतो' असंही नको. वेगवेगळ्या देशांतून थोड्या वेळात लॉगिन आणि लगेच मोठं रिडेम्प्शन, म्हणजे माइल्स खर्चून तिकीट काढणं, हे अकाउंट चोरीला गेल्यावर दिसतं तसंच दिसतं, म्हणून सिस्टीमने पकडलं असणार. बाबांनी खरं सांगितलं ते उत्तम केलं. पुढचं सगळं त्यांनाच बोलू दे, तुम्ही शेजारी बसा हवं तर. पासपोर्टची कॉपी, खात्याला जोडलेला ईमेल आणि जुन्या एक-दोन प्रवासांच्या तारखा हाताशी ठेवा.

एक फरक नीट समजून घ्या. स्वतःच्या माइल्सवर बायकोचं तिकीट काढणं हे जवळपास सगळीकडे चालतं. पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही. आणि माइल्स पैसे घेऊन विकणं यावर मात्र खाती सरळ बंद होतात, त्यांची खरी शोधाशोध त्यासाठीच चालते. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं आहे, घरच्या घरातलं, त्यामुळे धीर सोडू नका.

फोनवर भांडू मात्र नका, कारण कायदा आपल्या बाजूने फारसा नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये एका प्रवाशाची मेंबरशिप काढून घेतली होती, तो फार तक्रारी करतो म्हणून. तो कोर्टात गेला, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि २०१४ मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की एअरलाइन सचोटीने वागली नाही हा त्याचा दावा १९७८ च्या विमानसेवा कायद्यापुढे टिकत नाही. तिथला कायदा सगळीकडे लागू नाही हे खरं, पण माइल्स आपली मालमत्ता नाही असं जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमच्या नियमांत लिहिलेलं असतं. म्हणून गोडीत बोला.

प्रतिसाद

एकत्र ठेवायचं म्हणता ना, त्यासाठी फॅमिली पूल असतो. त्यात प्रत्येकाचं अकाउंट वेगळं राहतं, पासवर्ड वेगळा, फक्त माइल्स वापरताना एकत्र धरतात. पण प्रत्येक एअरलाइनचा प्रकार निराळा आहे, त्यात लोक फसतात.

आम्ही ब्रिटिश एअरवेजचं हाउसहोल्ड अकाउंट वापरतो. त्यात जास्तीत जास्त सात जण आणि सगळ्यांचा पत्ता एकच लागतो, म्हणजे तुमचे दादा वेगळे राहतात तर ते तुमच्या आईबाबांबरोबर त्यात बसणार नाहीत. आणि खर्च होताना एकाच्याच खात्यातून जात नाहीत, प्रत्येकाच्या शिल्लकेच्या प्रमाणात जातात. समजा बाबांकडे ६० हजार, आईंकडे २० हजार, तुमच्याकडे २० हजार आणि तिकीट ५० हजारांचं, तर बाबांचे ३०, आईंचे १० आणि तुमचे १० असे कापले जातील. आम्हाला हे माहीत नव्हतं, लेकीने तिच्यासाठी वेगळे धरून ठेवलेले आमच्या तिकिटात गेले आणि ती फार हिरमुसली होती.

एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये दोन मोठे आणि सहा मुलं असं आठ जणांचं कुटुंब होतं, लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्ये दोन मोठे आणि पाच मुलं. म्हणजे मोठी झालेली भावंडं धरून कुटुंब असेल तर तिथे अडतं. युनायटेडने २०२४ मध्ये पाच जणांचा पूल सुरू केला, त्यात नात्याची अट नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचं तर वेगळंच, तिथे पाच जणांची नॉमिनी यादी करायची आणि त्या यादीतल्यांचंच तिकीट आपल्या माइल्सवर निघतं, यादीत नाव नाही तर नाही. तुमच्या एअरलाइनचं पूल आहे की नॉमिनी आहे हे सगळ्यात आधी बघा. तुमचं काम कदाचित नुसत्या नॉमिनीवर भागेल, कारण माइल्स बाबांकडे आहेतच.

आणि सिल्व्हर, गोल्ड वगैरे जे स्टेटस असतं ते पूलमध्ये वाटलं जात नाही. ते ज्याचं त्याचंच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून पोटात गोळा होता तो जरा कमी झाला. आमच्या एअरलाइनचे नियम वाचले, नॉमिनी यादीच आहे, आणि त्यात आईचं नाव नाही!! आम्ही कधी घातलंच नाही. दोन शंका आहेत. आईच्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आहे पण तिचं आधीचं एक जुनं अकाउंट माहेरच्या नावाने निघालंय, मग नवीन काढू की तेच दुरुस्त करू? आणि एक्स्पायर होणाऱ्या माइल्सची मुदत वाढते का?

प्रतिसाद

नवीन काढू नका, एका माणसाची दोन खाती नियमात बसत नाहीत आणि आत्ता तुमच्यावर आधीच नजर आहे. लग्नाचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट पाठवून जुन्यावरचं नाव बदलून घ्या. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

मुदतीचे दोन प्रकार असतात. काही ठिकाणी खातं वापरात असलं की झालं, जसं ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस (त्यांच्या माइल्सचं नाव) ३६ महिने काहीच हालचाल नसेल तर जातात, मध्ये थोडे जरी मिळवले किंवा खर्च केले तरी घड्याळ परत सुरू. काही ठिकाणी मिळाल्या दिवसापासून मोजतात, क्रिसफ्लायरमध्ये ३६ महिने झाले की गेले, मध्ये कितीही उडा. तुमचे काहीच माइल्स जातायत म्हणताय त्यावरून दुसरा प्रकार वाटतोय. मग वाढवायच्या मागे न लागता लॉक निघाला की तिकीट काढून टाका. प्रवास पुढच्या तारखेचा असला तरी सहसा चालतं, बुकिंग मुदतीच्या आत झालं पाहिजे.

प्रतिसाद

मला थोडं वेगळं सांगायचंय, वाईट वाटून घेऊ नका. माझे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याही खात्यात असेच भरपूर माइल्स होते, तेही कोणासाठी तरी राखलेले, आणि पासवर्ड माझ्याकडे होता म्हणून मी निश्चिंत. कळवल्यावर एअरलाइनने खातं बंद केलं, माइल्स वारसाला मिळत नाहीत असं नियमात होतं. काही प्रोग्रॅम कागदपत्रं बघून देतात, यांनी नाही दिले. मला माइल्सचं दुःख नव्हतं, पण त्यांनी ज्यासाठी साठवले ते राहून गेलं याचं आजही वाटतं. बाबा आहेत, आई आहे, तारीख लांबवू नका. चांगला सीझन, स्वस्त टॅक्स असलं काही बघत बसू नका.

धागाकर्ती

अपडेट देतेय, नऊ दिवस झाले. तुमचा प्रतिसाद आईबाबांना वाचून दाखवला, बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच फोन लावला.

अकाउंट उघडलं! पासपोर्टची कॉपी पाठवली, त्यांनी जुन्या दोन प्रवासांबद्दल विचारलं. बाबांची एक जुनी वही आहे, तिच्यात बोर्डिंग पासचे तुकडे डिंकाने चिकटवलेले आणि खाली पेनने तारीख, कुठून कुठे, सीट नंबर. छापलेलं सगळं उडालंय, पेनचं तेवढं राहिलंय. त्यातूनच वाचून सांगितलं त्यांनी. ताकीद मिळाली की लॉगिन कोणाला देऊ नका, माइल्स मात्र सगळे शाबूत. पासवर्ड त्यांनी स्वतः बदलला आणि अ‍ॅप त्यांच्याच फोनवर टाकून दिलंय, दोन दिवस बसून शिकवलं, येतंय आता.

क्लेमचं म्हणाल तर दादा, वहिनी आणि पुतणीचे परतीचे प्रवास मिळाले, जातानाचे मुदतीबाहेर गेले. माझे दोन्ही नाहीत, एक जुना आणि एक स्वस्त फेअरचा. ठीक आहे.

आईचं नाव दुरुस्त झालं, नॉमिनी यादीत पहिलं तिचंच घातलं. काल संध्याकाळी बाबांनी स्वतः बुकिंग केलं, ओटीपी त्यांच्याच फोनवर आला आणि त्यांनीच टाकला. जातानाचं बिझनेसमध्ये मिळालं, येतानाचं त्या तारखेला नव्हतं म्हणून दोन दिवस पुढे सरकवलं. टॅक्स आणि सरचार्ज रोख भरावा लागला, तो दादाने भरला. आई सारखी विचारतेय की तिथे खरंच आडवं होता येतं का, मी तिला सीटचा फोटो दाखवला तर म्हणाली, अगं पण मग बाबा कुठे बसणार. त्यांचंही शेजारचंच आहे.